एकवीस नंबरचं पिंप आणि वाळ्याचा माठ

चौतीस वर्षं मी रोज सकाळी दहा वाजता दारू तोंडात घेतली आणि साडेदहापर्यंत थुंकून टाकली. एवढंच माझं काम. लग्नाकार्यात कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझे डोळे लाल आहेत का ते बघतो आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतो, "पण एखादा घोट चुकून आत जात असेल की?" जायचा. शिंक आली की जायचा. पण शिंका काही रोज येत नाहीत.

आमचं घर अक्कलकोटचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि अंडं आजवर उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. अशा घरातला पोरगा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला आणि सोलापूरजवळच्या एका डिस्टिलरीत रम चाखायला लागला. पहिल्या दिवशी घरी आलो तर अव्वा, म्हणजे माझी आई, दारातच उभी. तिने नाक वर करून हवा ओढली आणि कानडीत विचारलं, "कुडद बंदीयेन?" म्हणजे पिऊन आलास का. मी पिऊन आलो नव्हतो, थुंकून आलो होतो. हा फरक कानडीत पटवून देता येत नाही. मराठीतही येत नाही, हे पुढे लग्न झाल्यावर कळलं.

अव्वाने मग आपल्यापुरता मार्ग काढला. चुळा भरल्याशिवाय देवघरात पाऊल टाकायचं नाही, आणि नातेवाइकांना सांगायचं की पोरगा औषधाच्या कारखान्यात आहे. परिणाम असा झाला की गावाकडून कोणीही खोकत आलं की थेट आमच्याकडे यायचं. एक मामा तर नेमाने यायचे. ते औषध त्यांना फार लागू पडायचं.

बाहेरच्यांना वाटतं तसं हे काम जिभेचं नसतं, नाकाचं असतं. जिभेला गोड, कडू, तिखट एवढंच कळतं. बाकी सगळा कारभार नाकाचा. म्हणून नाकाचे लाड करावे लागतात. चाखायच्या दिवशी सकाळी चहा नाही, पान नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, अंगाला पावडर नाही. आदल्या रात्री कांदा नाही आणि शेंगाचटणी तर मुळीच नाही. सोलापुरात राहायचं आणि आठवड्यातले पाच दिवस शेंगाचटणीला हात लावायचा नाही, ह्यापेक्षा संन्यास सोपा असावा. बायको म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे दारू पिऊन येतात आणि चटणीभाकरी मागतात. आमच्या घरी दारूसाठी चटणी सोडलीय."

रम होते उसाच्या मळीपासून. मळी आंबवायची, तिची वाफ धरायची, त्या वाफेचं पाणी होतं ते ओकच्या लाकडाच्या पिंपात भरायचं आणि विसरून जायचं. पिंपात जाताना ती पाण्यासारखी पांढरी असते. रंग, वास, शहाणपण सगळं लाकूड देतं. थंड देशात ह्याला खूप वर्षं लागतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गोदामाचा पत्रा असा तापतो की लाकूड चारच वर्षांत सगळं शिकवून मोकळं होतं. पण फी जबर घेतं. दरवर्षी पिंपातला काही भाग लाकडातून हवेत उडून जातो. परदेशात म्हणतात, तो देवदूतांचा वाटा. तिकडचे देवदूत चमच्याने पीत असतील. सोलापूरचे तांब्याने पितात.

आणखी एक गंमत आहे. आमची हवा कोरडी, त्यामुळे पिंपातलं पाणी जास्त उडतं आणि दारू मागे राहते. म्हणून तिकडे पिंप म्हातारं झालं की सौम्य होतं, आमच्याकडे म्हातारं झालं की जास्त कडक होतं. माणसांचंही इकडे साधारण तसंच आहे.

असली कडक रम चाखायची म्हणजे पेल्यात नाक खुपसायचं नाही. खुपसलं तर दिवसभर नाक सुन्न. पेला आधी छातीशी धरायचा, मग हनुवटीशी, तोंड जरा उघडं ठेवायचं. मग चार थेंब तळहातावर घेऊन हात चोळायचे. हाताच्या उबेने दारू उडून जाते आणि जे मागे राहतं ते खरं असतं. ते हुंगायचं. मग थोडी जिभेवर घ्यायची, फिरवायची, पिकदाणीत थुंकायची. शेवटी थेंब थेंब पाणी घालायचं. पाण्याने कडकपणा उतरतो आणि मागे दबलेले वास वर येतात. हे पाणी डिस्टिल्ड लागतं, म्हणजे ज्याला स्वतःचा काहीच वास नाही असं. हे पाण्याचं लक्षात ठेवा. मी ते एकदा विसरलो, आणि हा सगळा लेख त्याच्यामुळे आहे.

दर चाखणीच्या वेळी मी पेल्यांच्या रांगेत एक खोटा पेला ठेवायचो. साधं पाणी, त्यात जळक्या साखरेचा रंग. वरून काचेची चकती. बघणाऱ्याला रमच वाटायची. चाखणारा थापा मारतोय का, हे त्या पेल्यात कळतं. एकदा आमच्या थोरल्या मालकांचे मेहुणे आले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. त्यांनी तो पेला हनुवटीशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्यात मनुका आहे. आणि जुनं चामडं. बिराजदार, ही किती वर्षांची?" मी म्हणालो, "सकाळी नळाला आली तेव्हाची." मालक पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. माझी वेतनवाढ मात्र त्या वर्षी हलली नाही.

एकवीस नंबरचं पिंप गोदामाच्या पश्चिमेच्या भिंतीला, अगदी पत्र्याखाली होतं. सगळ्यात जास्त ऊन तिथे. दरवर्षी पिंपं तपासून ठरवायचं की कुठलं मिश्रणात ओतायचं. आमची बाजारातली रम म्हणजे शंभरेक पिंपांचं मिश्रण, त्यात कोणा एकाचं काही उरत नाही. एकवीस नंबर दरवर्षी यादीत यायचं आणि दरवर्षी मी त्याच्यापुढे लिहायचो, "अजून थांबा." का, ते नीट सांगता आलं नसतं. त्याच्या बुचाशी नाक नेलं की मला वाटायचं, हे काहीतरी म्हणायच्या बेतात आहे. अशी अकरा वर्षं थांबवलं. निम्म्याहून जास्त पिंप देवदूतांच्या पोटात गेलं. उरलेलं इतकं कडक झालं की शंभरात सहासष्ट भाग निव्वळ दारू.

आणि ते बोलायला लागायच्या सुमारास माझं नाक गेलं.

कोरोनाची दुसरी लाट. ताप चार दिवसांत उतरला, खोकला पंधरा दिवसांत गेला, वास मात्र गेला तो गेलाच. कापूर हुंगला, हिंग हुंगला, बायकोने वैतागून जळती चपाती नाकापुढे धरली. काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. आंधळ्या ड्रायव्हरला एसटी चालवायला कोण देईल? मी कोणाला सांगितलं नाही. पेला हनुवटीशी धरायचो, डोळे मिटायचो आणि जुन्या वह्यांतली वाक्यं लिहून काढायचो. मालकांच्या मेहुण्यांची मला पहिल्यांदाच कीव आली.

माझी चोरी नरसम्माने पकडली. नरसम्मा बाटल्या भरायच्या विभागात होती. उजळ दिव्यापुढे उभं राहून प्रत्येक बाटली तपासायची, आत काडी-कचरा आहे का बघायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. बावीस वर्षं उभ्याने. घर विणकरांचं, घरात बोलणं तेलुगू. लहानपणी वडिलांच्या सूत रंगवायच्या हौदाशी बसून तिचं नाक तयार झालं होतं. रंग सुताला धरलाय की नाही हे ती लांबून वासावरून सांगायची म्हणे. एक दिवस मी तिच्या शेजारी उभा राहून कागद वाचत होतो आणि पाठीमागे मशीनचा रबरी पट्टा जळत होता. सगळ्या बायका पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या. मी आपला वाचतोय.

तिने पट्टा बंद करवला, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सायेब, तुमचं नाक गेलंय व्हय?"

मी म्हणालो, "सर्दी आहे."

"सर्दी न्हाय. तीन म्हैने बगते मी. डबा उगडताना पैले तुमी वास घेत होता. आता नुसतं गिळताय."

त्या दिवसापासून आमची एक व्यवस्था ठरली. सकाळी बाटल्यांचा नमुना द्यायच्या निमित्ताने ती माझ्या खोलीत यायची, पेले हुंगायची आणि सांगायची. जिभेला थेंब लावायची नाही. घेऊन पाहा म्हटलं तर म्हणाली, "माज्या नवऱ्यानं आमच्या दोगांच्या वाटणीची पिऊन ठेवलीय." मी लिहून घ्यायचो. तिची भाषा रिपोर्टात चालणारी नव्हती. ती म्हणायची, "सुताला खळ लावून उनात टाकल्यावानी," मी लिहायचो, "धान्याचा सौम्य गंध." ती म्हणायची, "हुरड्याच्या आगटीची राख," मी लिहायचो, "धुराची छटा." ती म्हणायची, "ह्याला म्हातारीच्या ट्रंकेचा वास हाय," ते मात्र मी तसंच लिहिलं. ऑफिसातून शाबासकी आली की ह्या वर्षी बिराजदारांच्या रिपोर्टात जिवंतपणा आलाय. मी थँक्यू म्हणालो. आज ते आठवलं की लाज वाटते.

तोवर थोरले मालक जाऊन धाकटे मालक आले होते. त्यांनी परदेशात पाहिलं होतं की तिकडे एकाच पिंपाची जुनी रम वेगळी भरतात, पिंपाचा नंबर लेबलवर घालतात आणि लोक ती दागिन्यासारखी जपतात. ते म्हणाले, "आपल्याकडे असं एखादं पिंप आहे का?" मी म्हणालो, "एकवीस नंबर." ते म्हणाले, "मुंबईहून कामत येतील. ते एका परदेशी व्यापाऱ्यासाठी पिंपं निवडतात. त्यांनी हो म्हटलं तर वेगळं भरू. नाहीतर ह्या उन्हाळ्यात मिश्रणात. अकरा वर्षं पुरे झाली."

कामत आले एप्रिलमध्ये. पांढरा लिनन शर्ट, स्वतःचे पेले लाकडी पेटीत. मी नरसम्माला शेजारी ठेवणार होतो, पण मालक म्हणाले, "पाहुण्यांसमोर लाइनवरच्या बायका नकोत." मी मान डोलवली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या घोडचुका मान डोलवल्यानेच झालेल्या आहेत.

चाखायच्या खोलीच्या कोपऱ्यात आमचा माठ असतो. उन्हाळ्यात त्यात वाळ्याची जुडी टाकलेली असते, सोलापुरात घरोघरी टाकतात. पाणी गार होतं आणि त्याला त्या मुळांचा ओला, मातकट सुगंध येतो. कामत उन्हातून आले म्हणून मी एक काचेचा जग त्या माठातून भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले. जग तसाच राहिला. डिस्टिल्ड पाण्याचा जगही तसाच, त्याच मापाचा, त्याच टेबलावर. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ज्याला नाक आहे त्याने हातभर लांबून ओळखलं असतं.

कामतांनी आधी बिनपाण्याची रम पाहिली. पेला फिरवला, हुंगला, थुंकले. म्हणाले, "लाकूड फार आहे. जळजळीत आहे. चांगली आहे, पण अशी मी पुष्कळ पाहिलीत." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने जग उचलला आणि म्हणालो, "सर, पाण्याने उघडते." आणि पाणी घातलं.

कामतांनी पेला नाकाशी नेला आणि तसेच थांबले. पुन्हा नेला. मग खुर्चीतून उठले. "हे काय आहे?" म्हणाले. "मुळं आहेत ह्यात. ओली जमीन. हिरवं काहीतरी, आणि थंड! रममध्ये थंडावा मी आयुष्यात पाहिला नाही. बिराजदार, हे कुठून आणलंत तुम्ही?" मी अंग चोरून म्हणालो, "पश्चिमेची भिंत आहे सर. ऊन जास्त लागतं." त्यांनी वहीची दोन पानं भरून लिहिलं. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, पिंप शेवटी बोललं आणि मलाच ऐकू आलं नाही. आनंद झाला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

पेले धुवायला न्यायला नरसम्मा आत आली. तिने पेला उचलला, नाकाजवळून नेताना थबकली. मग तिने कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या दोन जगांकडे. मग माझ्याकडे. पेले घेऊन गेली. आणि मला कळलं.

जेवण डिस्टिलरीच्याच आवारातल्या गेस्ट हाउसवर होतं. कडक भाकरी, दही, शेंगाचटणी. कामत चटणीचं कौतुक करत होते, मालक लेबलावर काय छापायचं त्याबद्दल बोलत होते. "सोलापूरच्या मातीचा गंध," असं काहीतरी. हात धुवायचं निमित्त करून मी मागच्या नळावर गेलो. नरसम्मा तिथे पेले पालथे घालत होती.

"वाळा हाय त्यो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग सांगा की."

मी म्हणालो, "नरसम्मा, सांगितलं तर माझं नाक गेलंय हे कळेल. ते सोड, माझं काय, आठ महिने राहिलेत. पण वाळा काढला तर त्यांना ती रम साधीच वाटलीय. उद्या पिंप मिश्रणात जाईल."

ती पेला पुसत राहिली. मग म्हणाली, "आन न्हाय सांगितलं तर? बाटल्या भरतील. लोकं त्यात वाळा हुडकतील. न्हाय घावला की शिव्या कुणाला देतील? तुमाला न्हाय. पिंपाला देतील." जरा थांबून म्हणाली, "अकरा वर्सं ठेवलंत. खोट्या नावानं लगीन लावू नका त्याचं."

मी आत गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. वाळा, माठ, जग, आणि नाक. सगळं एका दमात, कारण थांबलो असतो तर अर्ध्यावरच थांबलो असतो. मालकांचा हात चटणीतच राहिला. कामत नॅपकिनने ओठ टिपत म्हणाले, "मला शंका आलीच होती." मोठ्या लोकांना शंका नेहमी आधीच आलेली असते, फक्त ती सांगायला ते नंतर येतात.

मालकांनी विचारलं, "दहा महिने वास येत नाही, मग रिपोर्ट कोण लिहीत होतं?"

मी दाराकडे बोट दाखवलं. तिथे नरसम्मा हातात फडकं घेऊन उभी होती.

पुन्हा चाखायच्या खोलीत गेलो. ह्या वेळी डिस्टिल्ड पाणी कामतांनी स्वतः ओतलं. हुंगले. मान हलवली. "बरी आहे," म्हणाले. "पण आता त्यात ते नाही." मालकांनी घड्याळ पाहिलं. "मग ठरलं. मिश्रणात."

मला आयुष्यात इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. अकरा वर्षं मी त्या पिंपापुढे "अजून थांबा" लिहिलं, आणि ज्या दिवशी थांबा म्हणायला हवं होतं त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना.

तो नरसम्माच्या तोंडून फुटला. "थांबा की जरा," ती म्हणाली. पदराला हात पुसले, पुढे आली, बिनपाण्याच्या पेल्यातले चार थेंब तळहातावर घेतले आणि हात चोळले. ही पद्धत मीच तिला शिकवली होती. आणि पाहुण्यांच्या लाकडी पेटीतले पेले बघून मलाच ती करायची लाज वाटली होती. तिने हात हुंगला नाही. नुसती उभी राहिली. मालक चुळबुळ करायला लागले. कामतांनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "आजून दारू हाय. तिला जाऊ द्या." पंख्याखाली आम्ही तिघं शिकलेले पुरुष एका बाईच्या तळहाताकडे बघत उभे होतो. बऱ्याच वेळाने तिने हात नाकाशी नेला, डोळे उघडेच ठेवले, आणि तळहात सरळ कामतांच्या पुढे केला.

"आता बगा."

कामत क्षणभर घुटमळले. मग त्या लिननच्या शर्टातल्या माणसाने वाकून तिचा हात हुंगला. पुन्हा हुंगला. विचारलं, "तुम्हाला काय येतंय?"

"गुऱ्हाळात काईल उतरवल्यावर तळाला लागतं की, त्ये खरवडल्यावानी. गूळ न्हाय, गुळाच्या मागचं. मग शेंगा भाजून सोललेल्या, टरफलं उडवताना येतो तसा. आन एकदम शेवटाला, नवीन चादरीची घडी मोडल्यावर." ती जरा थांबली. "ह्यात पानी घालू नका सायेब. पानी घातलं की पळतंय त्ये. हितलं उनच पेलंय त्यानं, त्याला पान्याची सवय न्हाय."

कामतांनी वही उघडली. वाळ्याची दोन पानं फाडली, चुरगळून खिशात टाकली. मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहून घेतलं, "मागचं म्हणजे कसं?" असं विचारत विचारत. शेवटी मालकांना म्हणाले, "हे पिंप मिश्रणात घातलंत तर पुन्हा मला बोलावू नका. आहे तसं भरा. सहासष्टलाच. एक थेंब पाणी नको."

एकवीस नंबरच्या तेवढ्याच बाटल्या झाल्या जेवढं देवदूतांनी उरवलं होतं. लेबलवर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, "परीक्षक: म. शि. बिराजदार." मी मालकांना म्हणालो होतो, तिथे नरसम्माचं नाव हवं. ते म्हणाले, "तिच्याकडे डिग्री कुठंय?" मी तिलाच विचारलं. ती घाबरली. "नको वो, दारूच्या बाटलीवर माजं नाव? पोरीचं लगीन ठरतंय." मी "बरं" म्हणालो. फार लवकर म्हणालो. तिचा नकार मला सोयीचा होता, आणि सोयीचा नकार माणूस पुन्हा विचारून तपासत नाही. ह्या नोकरीत मला दुसरा फारसा पश्चात्ताप नाही, पण हा आहे.

"मग काय हवंय?" म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "बसायला खुर्ची द्या. पाय दुखतात."

मी निवृत्त झालो आणि ती माझ्या खुर्चीत बसली. पदाचं नाव काहीतरी लांबलचक मदतनीस असं आहे. रिपोर्टावर सही एक नवा पदवीधर करतो, पण तिने मान हलवल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नाही. माठ मात्र तिने खोलीबाहेर हलवलाय.

आता माझं काही बंधन नाही. रोज शेंगाचटणी खातो. चव येते, जिभेपुरती. वास येतो का, असं लोक विचारतात, मी "येतोय हळूहळू" म्हणतो. शनिवारी डिस्टिलरीत चक्कर असते. मागच्या शनिवारी गेलो तर नरसम्माने पेला पुढे सरकवला आणि म्हणाली, "ओळखा." रंग गडद, वर काचेची चकती. मी चकती काढली, पेला छातीशी धरला, मग हनुवटीशी. डोळे मिटले. नवा पदवीधरही बघत होता.

"गुळाच्या मागचं," मी म्हणालो. "भाजलेल्या शेंगा. हे एकवीस नंबर आहे, ठेवणीतलं."

नरसम्माने माझ्या हातातून पेला घेतला आणि चकती पुन्हा वर ठेवली.

"ह्यात पानी हाय, सायेब."

पदवीधर पाठ फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला. नरसम्मा हसली नाही. तिने टेबलाखालून दुसरा पेला काढला, त्यातले चार थेंब माझ्या तळहातावर घातले आणि म्हणाली, "चोळा. दारू जाऊ द्या. मग खरं सांगा."

मी चोळले. दारू जाईपर्यंत थांबलो. हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"काही नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. "आजून थांबा."